बोटं काढून घेताना

गुरुवार, ९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

डॉक्टरांनी वासराच्या डोळ्यापुढे टॉर्च धरला आणि त्याची पापणी लवली नाही, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर खुशाली विचारता विचारता कागद संपेल आणि मुद्दा राहून जाईल. आता रीतसर. तुला नमस्कार, भावजींना नमस्कार, चिमणीच्या दोन्ही गालांना पापे. माझी तब्येत उत्तम आहे. तू विणलेला स्वेटर रोज घालतो. त्याला गोठ्याचा वास लागलाय आणि तो कितीही धुतला तरी जात नाही, तेव्हा परत मागू नकोस.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि माझं डोकं फिरतं. मागच्या वेळी तेच झालं. कागदावर तुला मध्येच 'हं' म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तू सगळ्यांना सांगतेस की तुझा भाऊ डेअरीत 'ट्रेनिंग' घेतोय. कसलं ट्रेनिंग घेऊन बसलीस. मी वासरांच्या खोलीत राबतो. लांबट खोली आहे, नालीकडे उतरत गेलेली सिमेंटची जमीन, दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपांचे कप्पे, एका कप्प्यात एक वासरू आणि त्याच्या पायाखाली पेंढा. पेंढा बदलायचा, दूध कोमट करायचं, पाजायचं, बादल्या गरम पाण्याने घासायच्या आणि ज्याचं पोट बिघडलंय त्याची शेपटी धुवायची. नावाने मला इथे कोणी हाक मारत नाही. 'कॉलेज' म्हणतात. 'कॉलेज, नळ बंद कर.' 'कॉलेज, शेण दिसत नाही का?' मालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, शिक्षण अर्धवट का टाकलंस म्हणून. मी म्हटलं, प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडण झालं. ते म्हणाले, "इथे भांडायला फक्त गाई आहेत, आणि त्या लाथ मारतात."

माझ्या जोडीला एक काकू आहेत. कोणाच्या काकू ते कोणालाच ठाऊक नाही, मालकसुद्धा त्यांना काकूच म्हणतात.

तर परवा एक गाय व्याली. कालवड झाली. ताई, तुला वाटत असेल की वासराला दूध प्यायला उपजतच येतं. मलाही तसंच वाटायचं. त्याला फक्त लुचायला येतं. कुठे लुचायचं याचा पत्ताच नसतो. ते धडपडत उभं राहतं आणि जे जे वर आहे, अंधारं आहे, उबदार आहे तिथे तोंड खुपसतं. आईच्या पुढच्या पायांत, तिच्या छातीखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, माझ्या गुडघ्याच्या खोबणीत. तोंडात येईल ते लुचतं, काही मिळालं नाही की सोडतं आणि पुढे सरकतं. मग केव्हातरी सड तोंडात येतो आणि चिकाची पहिली धार घशाखाली उतरते. बस, तेवढंच. पुढच्या खेपेला ते भिंतीच्या वाटेला जात नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी हजेरी घेतली नाही, कोणी वर्गाबाहेर काढलं नाही. दूध मिळालं, म्हणून शिकलं. आमच्या सरांना एकदा इथे आणून उभं करायला हवं.

डॉक्टर बाई आहेत, तुझ्याच वयाच्या, चष्मा कायम केसांत खोचलेला आणि कायम शोधत असतात. त्या म्हणतात, "नुकत्या जन्मलेल्या पिल्लाइतकं झटपट कोणी शिकत नाही. आणि चुकीचं शिकलं तर तेही तितकंच झटपट."

चुकीचं म्हणजे कसं ते माझ्या समोरच्या कप्प्यात आहे. एक तांबडं वासरू. एकदा माझ्या हातून बादली हिंदकळली आणि त्याच्या फाटकाच्या पाइपवर दूध सांडलं. त्याने ते चाटलं. तेव्हापासून भूक लागली की हा पठ्ठ्या आधी पाइप चोखतो. गार, गंजका पाइप, त्यातून काय येणार? काकू म्हणतात, "याला लोखंडाचं दूध मानवतं." सुरुवातीला मलाही हसू यायचं. हल्ली येत नाही.

परवाची कालवड मात्र शोधेचना. उभी राहिली, पण आईच्या पोटाखालच्या सावलीकडे वळली नाही. पेंढ्यात नाक घालून थांबली, पुढे आली ती थेट पाइपावर आपटली. मग डॉक्टर आल्या, टॉर्च काढला. दोन्ही डोळे जन्मतःच गेलेले.

मालक दारात उभे होते. म्हणाले, "डोळस सांभाळायला माणसं पुरत नाहीत मला. शनिवारी संध्याकाळी व्यापाऱ्याचा ट्रक येतोय. तोवर आपली आपण बादलीत तोंड घालून प्यायला लागली, कोणीही बादली अडकवली तरी, तर राहू दे. नाहीतर चढवा ट्रकमध्ये." ट्रकमधून वासरं कुठे जातात हे इथे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, "पिईल."

"कॉलेज, तुला विचारलं नाही."

"तरी सांगतो. पिईल."

ताई, सरांशी भांडताना मी खूप बोललो होतो, पण ते नुसतं तोंड सुटलेलं होतं. हे तसं नव्हतं. काकूंनी नंतर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नोकरी गमावून बसलोय. "चाचपडी" असं नाव ठेवलंय त्यांनी कालवडीचं. 'अगं चाचपडी, तुझ्यापायी हा पोरगा जाणार.'

दूध कोमट झालंय. बाकीचं मग.


शुक्रवार
संध्याकाळ

काल पुढे लिहिणार होतो, पण तोंडावर पडलो होतो आणि तोंडावर पडलेल्या माणसाने लिहू नये.

वासराला बादलीत पाजायची युक्ती सोपी आहे. आपली दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची. ते लुचायला लागलं की हात हळूहळू खाली दुधात न्यायचा. बोटांच्या फटीतून दूध तोंडात जातं. गोम अशी की वासराची मान उपजत वर जाते, कारण कास वर असते, आणि बादली असते खाली. म्हणजे त्याच्या सगळ्या शरीराला जे पटतं त्याच्या उलट करायला लावायचं, आणि ते फक्त दुधाच्या जोरावर. रंगात आलं की बोटं काढून घ्यायची. एकदम नाही. आधी एक, मग दुसरं, परत द्यायचं, परत काढायचं. डोळस वासरं चटकन शिकतात, त्यांना पांढरं दिसतं, हात दिसतो.

चाचपडीला काय दिसणार? म्हणून मी आवाज करायचं ठरवलं. बोटं देताना जिभेने चक्‌ चक्‌ करायचो. चक्‌, बोटं, दूध. चक्‌, बोटं, दूध. आणि काय सांगू तुला, कमाल झाली. मी चक्‌ केलं की आधी कान वळायचा, मग मान, मग चारही पाय आपापल्या मर्जीने का होईना माझ्याकडे यायचे. इतका फुशारलो की मालकांना हाताला धरून घेऊन आलो.

ते म्हणाले, "काकू, तुम्ही पाजा."

काकूंनी चक्‌ चक्‌ केलं. चाचपडी ढिम्म. त्यांनी बोटं दिली, तिने थुंकल्यासारखी बाहेर टाकली. मग नाक वर करून हवेत वास घेतला, वळली, पाइपांमधून मान काढून माझ्यापर्यंत पोचली आणि माझ्या स्वेटरचा काठ तोंडात धरून लुचत बसली. तुझ्या स्वेटरचा.

मालक म्हणाले, "ही प्यायला नाही शिकली. ही कॉलेज शिकली." आणि गेले.

डॉक्टर तिथेच होत्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "तिचं बरोबरच आहे. तुझा आवाज, तुझा वास, तुझी बोटं, यातल्या कशाशिवाय तिला कधी दूध मिळालंच नाही. बादली म्हणजे काय, ते तिला कोणी सांगितलंय कुठे?"

रात्री ठरवलं की सगळं पुसून पुन्हा मांडायचं. आज सकाळपासून तोंडातून अक्षर काढलं नाही. बादलीला लोखंडी कडी असते ना, धरायची, ती हुकवर अडकवताना खण्ण वाजते. ती कोणीही अडकवली तरी तशीच वाजते. मी ठरवलं, आता फक्त कडी. कडी वाजली की दूध, नाही वाजली तर दूध नाही, मी असलो काय आणि नसलो काय. स्वेटर काढून ठेवला. हात साबणाने धुतले, वर बादली घासायच्या पावडरीने धुतले, कातडी सोलली जरा. बोटं दिली ती शेवटची, अगदी दुधाच्या पातळीखाली, आणि पहिली संधी मिळताच काढून घेतली. नाक बुडलं, शिंकली, ओरडली. मग जीभ बाहेर काढून चाटलं. दुपारपर्यंत कडी वाजली की मान खाली जायला लागली होती. खाली, ताई. वर नाही.

मग मी पेंढा आणायला गेलो.

परत येतो तर काकू कप्प्यात बसलेल्या, तिचं डोकं मांडीवर, आणि दोन्ही बोटं तिच्या तोंडात. दुधात बुचकळून देत होत्या.

"काय करताय काकू?"

"हंबरत होती रे. इतकी केविलवाणी हंबरत होती."

"म्हणजे आता तिला कळलं की हंबरलं की मिळतं. तुम्ही माझी सगळी सकाळ पाण्यात घातलीत."

"चार थेंब दिले. चार थेंबांनी काय पोट भरतं? तेवढीच तिला आशा."

"आशा नको आहे तिला, दूध हवंय. तिथे. त्या बादलीत."

"मग बादलीशीच लग्न लावून दे तिचं. मला काय ओरडतोस, मी काय तिची सासू आहे?"

मी रिकाम्या बादलीला लाथ मारली. ती खण्ण करून पडली आणि चाचपडीने ताबडतोब मान खाली घातली. काकू हसल्या. मला हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी बसलो. तिथे डोक्यात जे यायला नको होतं ते आलं. ते उद्या लिहितो. आज हात झोंबतायत, पेन धरवत नाही. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही.


शनिवार
दुपार

वर मी टॉर्चबद्दल लिहिलंय की त्या क्षणी सगळं बदललं. ते दुसरं होतं. पहिलं सोमवारी झालं.

सोमवारी भावजींचा फोन आला होता. तुला बहुधा माहीत नसेल. परीक्षेचा फॉर्म भरणार आहेस की नाही, तुझी ताई तुझ्या काळजीने नीट जेवत नाही, असं सगळं. चढ्या आवाजात नाही, भावजी चढ्या आवाजात कधी बोलतात? मी 'बघतो' म्हटलं. मग सहज विचारलं, घरी सगळे कसे आहेत. 'सगळे' म्हणजे कोण ते तुला कळतं, त्यांना नाही. ते म्हणाले, "सगळे कोण, आम्ही तिघंच. माझी बहीण उन्हाळ्यापासून नोकरीच्या गावी आहे, एकदाही इकडे फिरकलेली नाही. फोनसुद्धा करायला सवड नसते बाईसाहेबांना."

उन्हाळ्यापासून.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात फोन ठेवता ठेवता तू म्हणाली होतीस, "बरं, आणि ती विचारत होती हं तुझ्याबद्दल. जेवताना विषय निघाला." त्याआधी म्हणाली होतीस, "परवा तुझा फोटो बघत होती अल्बममध्ये." प्रत्येक वेळी नाही. कधी बोलायचीस, कधी विसरायचीस. विसरलीस की मी दोन दिवसांत पुन्हा फोन करायचो. तुला वाटायचं, भावाला बहिणीची किती ओढ.

रागावलो का? सोमवारी हो. इतका की मी खोलीतली खुर्ची मोडली, ती अजून दोरीने बांधून वापरतोय. पण काल काकूंच्या मांडीवर ते डोकं बघितलं आणि राग कुठे ठेवायचा तेच कळेना. त्या काही दुष्टपणाने देत नव्हत्या. त्यांना ओरडणं ऐकवत नव्हतं. तुलाही माझं ऐकवत नसणार.

आता तुला जे सांगितलं नाही ते. तुझ्या नणंदेने मला केव्हाच नाही म्हटलंय. कॉलेजच्या सायकल स्टँडवर, दुपारी, आजूबाजूला पोरं असताना, शांतपणे. म्हणाली, "तू वहिनीचा भाऊ आहेस म्हणून मी तुझ्याशी नीट बोलते. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस. मी हे पुन्हा सांगणार नाही." कुलूप उघडलं, सायकल काढली आणि गेली. किती स्वच्छ बोलली बघ. मी तिथेच उभा राहून त्या वाक्यात 'नीट बोलते' एवढंच ऐकलं.

सरांशी भांडण झालं हे खरं आहे. पण ते मी उकरून काढलं. त्या इमारतीत तिच्या वर्गावरून रोज जायचं नव्हतं, आणि न जाण्याइतका दम माझ्यात नव्हता. कोणीतरी हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. सरांनी हाकललं नाही, उलट समजावत बसले, म्हणून मीच आरडाओरडा करून निघून आलो. हे तुला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर तू फोनच्या शेवटी ते वाक्य बोलणं बंद केलं असतंस. मला खोटं वाटायचं, ताई. सुरुवातीपासून थोडं थोडं वाटायचं. तरी मी कान लावून वाट बघायचो.

तिचा यात काडीचा दोष नाही. त्या तांबड्या वासराच्या पाइपाचा तरी काय दोष आहे?

आता तू म्हणतेस, रविवारी ये, तीही येणार आहे, मी बोलले आहे तिच्याशी, दोघं बसून शांतपणे बोला म्हणजे तुझं मन लागेल अभ्यासात. ताई, ती खरंच येईल. तुझ्या शब्दाखातर येईल, समोर बसेल, चहा घेईल, 'वर्ष वाया घालवू नकोस' म्हणेल. नीट बोलेल. आणि त्या एका चहावर मी पुढची दोन वर्षं काढेन. मी स्वतःला ओळखतो. हे पत्र आज रात्रीच्या दुधाच्या गाडीबरोबर पाठवतोय, पहाटे तुझ्या हातात पडेल, तेव्हा तिला येऊ नकोस म्हणून कळव. माझं नाव सांग हवं तर, की त्यानेच नको म्हटलं. आणि फोनवर यापुढे तिचा विषय काढू नकोस, खरा असला तरी. पहिले काही दिवस मी चिडेन, फोन आपटेन, तुला काहीबाही बोलेन. विरघळू नकोस. कालपासून बघतोय, दूध बंद झालं की आधी ओरडणं वाढतं, मग थांबतं. मध्येच दिलं तर सगळं मुळापासून.

परीक्षेचा फॉर्म मी भरणार आहे. डॉक्टर करतात ते काम करायचं असेल तर ते उरलेलं वर्ष लागतंच, त्यांनाच विचारलं. तू जेवत नाहीस म्हणून नाही, कोणी विचारतंय म्हणून नाही. मला हे काम यायला हवंय म्हणून. सरांची माफी मागावी लागेल. मागेन. तोंड वाकडं करून मागेन, पण मागेन.

चाचपडीचं सांगतो. सकाळी काकूंनी कडी वाजवली. मी कोपऱ्यात भिंतीला चिकटून, श्वास रोखून उभा होतो. कडी वाजली तशी मान खाली गेली, ओठ दुधाला लागले, आणि तेवढ्यात तिला माझा वास आला. तोंड वर. कप्प्यात धडपडत माझ्या दिशेने. काकूंनी पुन्हा कडी वाजवली, पुन्हा तेच. मी दोन्ही वेळा तिथेच थांबलो, कारण मला बघायचं होतं. ती पिताना मला बघायचं होतं, एवढं साधं. मालक म्हणाले, "ट्रक आला की सांगतो." काकू म्हणाल्या, "तू बाहेर हो ना रे." मी म्हटलं, तिला माझ्याशिवाय भीती वाटेल. बोललो आणि मला माझंच ऐकू आलं.

तर आता संध्याकाळची, शेवटची खेप. मी इथे कप्प्यापाशी पालथ्या क्रेटवर बसून लिहितोय आणि ती माझ्या बुटाची नाडी लुचते आहे. बाहेर ट्रक मागे घेतायत, त्याचा पीं पीं आवाज येतोय. काकू दूध कोमट करून आल्या. त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलंय. काल त्यांच्यावर ओरडलो त्याची माफी मागितली, तर म्हणाल्या, "ते राहू दे, आज तूच बोटं घालू नकोस म्हणजे झालं."

मी बाहेर उभा राहिलो की ती हंबरेल. दार पातळ पत्र्याचं आहे, सगळं ऐकू येणार. पिईल की नाही ते मला माहीत नाही. मी असेपर्यंत पिणार नाही, एवढं माहीत आहे. नाडी सोडवून घेतली. पाय आपटते आहे. उठलोय, हे उभ्याने लिहितोय. बाहेर जातो आणि दार लावून घेतो.

उद्या माझी वाट बघू नकोस.

तुझा धाकटा,
बाळ्या